मावशीची कवळी

आईबापांनी त्याचं नाव चांगलं ठेवलं होतं, पण ते आता फक्त दारावरच्या पाटीवर उरलं होतं. बाकी सगळं जग त्याला 'करतोच' म्हणायचं. नळाचा वायसर बदल म्हणा, "करतोच". गच्चीवरची मोडकी खुर्ची टाकून दे म्हणा, "करतोच". शेवटच्या अक्षरावर असा काही जोर द्यायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, हा गडी आता उठलाच. उठतोय कसला! नळ ठिबकत राहायचा, खुर्ची गच्चीवर भिजत राहायची. त्याची बायको शेजारणीला सांगायची, "आमच्याकडे कामं शिल्लक नसतात हो, सगळी करतोच झालेली असतात."

आता हा माणूस आळशी होता म्हणाल, तर तसंही नाही. तो कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे एक चिंचोळी खोली होती, तीच त्याची लॅब. तिथे प्लास्टरची धूळ, वितळलेल्या मेणाचा वास, पॉलिशच्या मोटारीचा घूंऽऽ आवाज आणि फळीवर ओळीनं मांडलेले लोकांचे जबडे. बाईंनी पेशंटच्या हिरड्यांचं माप घ्यायचं, यानं त्या मापात प्लास्टर ओतून साचा काढायचा, साच्यावर मेणाची पट्टी बसवायची, मेणात एकेक दात रोवायचा. मग त्या मेणाच्या कवळीची पेशंटच्या तोंडात ट्रायल. ट्रायल पास झाली की मेणाच्या जागी पक्कं मटेरियल. एवढ्या भानगडीत एकही काम त्यानं कधी लांबवलं नव्हतं. बाई म्हणायच्या, "हा घरी करतोच असेल, माझ्याकडे केलंच आहे."

त्याचं कारण प्लास्टर. पावडरीत पाणी पडलं की ते थांबत नाही. तुम्हाला मूड असो नसो, कंटाळा आलेला असो, बायकोशी भांडण झालेलं असो, ते आपलं घट्ट व्हायला लागतं. एकदा पाणी ओतलं की त्याचे हात आपोआप चालायचे. पाणी ओतायच्या आधीचा जो काळ असतो ना, तिथे मात्र हा माणूस पार हरायचा.

तर अशा या करतोचच्या मावशीचे दात काढावे लागले.

मावशी म्हणजे नुसती नात्यातली मावशी नव्हे. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिचा जन्म गेला. आवाज खणखणीत, उच्चार असे स्वच्छ की लोक नंबर सांगायचं विसरून तिचं बोलणंच ऐकत बसायचे, असं ती स्वतःच सांगायची आणि वर मोठ्यानं हसायची. तिचे यजमान, म्हणजे करतोचचे काका, बस डेपोत फोरमन होते. निवृत्त झाल्यावर त्यांची नजर हळूहळू विझत गेली आणि मग त्यांना एकच नाद उरला. मावशीनं वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं. पेपर नको, देवाधर्माचं नको, फक्त रहस्यकथा. खून झालाच पाहिजे, तोही पहिल्या पाच-दहा पानांत. नाहीतर म्हणायचे, "लेखकाला भीती वाटते वाटतं!"

दात गेले तेव्हा एक जाडजूड रहस्यकथा अर्ध्यावर आलेली होती. बंगल्याच्या मालकाचा खून झाला होता, आणि काकांनी आपला निकाल देऊन टाकला होता. "माळी. लिहून घे. त्या माळ्यानंच गेम केलाय. फुलांना पाणी घालणारा माणूस इतका गप्प नसतो." मावशी म्हणत होती, माळी नाही, पुतण्या. यावर दोघांची चांगलीच जुंपली होती.

आणि मग वाचनच बंद पडलं. बिनदातांच्या तोंडानं मावशी 'संशयित' म्हणायला गेली की नुसती हवा निघायची. काकांना कानानंही जरा कमीच. "काय म्हणालीस?" एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा विचारल्यावर मावशीनं पुस्तकात खूण घातली आणि ते मिटून ठेवलं. करतोच म्हणाला, "मी वाचून दाखवू का?" काका म्हणाले, "तू वाचलंस तर बंगल्यातले सगळे झोपी जातील. तिचे दात येऊ दे, मग बघू माळ्याचं."

बाईंनी मावशीचं माप स्वतः घेतलं, मोठ्या आपुलकीनं घेतलं. माप त्याच्या हातात देताना बजावलंही, "हिरड्या अजून आक्रसणार आहेत, हे माप शिळं व्हायच्या आत कर." तो म्हणाला, "करतोच की! घरचंच तर काम."

घरचंच काम, इथेच घात झाला. बाकीच्या कवळ्यांना तारीख होती, मागे तगादा होता, दवाखान्यात खुर्चीवर ताटकळणारा पेशंट होता. मावशीच्या कवळीला यातलं काहीच नव्हतं. ती काही बोलणार नव्हती, रागावणार तर नव्हतीच. घरचं काम म्हणून बाईही पुन्हा विचारत नव्हत्या. त्यानं साचा तेवढा काढला आणि समोरच्या फळीवर ठेवला. आज ही घाईची कवळी संपवू, उद्या शांतपणे मावशीची घेऊ, तिची अगदी फर्स्टक्लास करायची. आणि ती फर्स्टक्लास करायची म्हणून तर ती सुरूच होईना.

पहिल्या-पहिल्यांदा तो दर रविवारी मावशीकडे जायचा. ती पाव दुधात कुस्करून खात बसलेली असायची, तोंडावर रुमाल धरून विचारायची, "झालं का रे काही?" तो म्हणायचा, "करतोच!" पुढे तिनं विचारणं सोडलं. तिनं विचारणं सोडलं, तसं त्यानं जाणं सोडलं. मग तिचा फोन वाजला की तो बायकोला खुणेनं सांगायचा, मी अंघोळीला गेलोय. दिवसातून तीन-तीनदा अंघोळ करणारा माणूस आणि तरी अंगावर प्लास्टरची धूळ! मावशीला काय कळत नसेल?

लाज वाईट असते. उशीर झाला म्हणून लाज वाटायची, लाज वाटते म्हणून साच्याकडे बघवायचं नाही, बघवत नाही म्हणून आणखी उशीर. त्यानं साच्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं. मग मेणाच्या डब्यामागे सरकवला. शेवटी त्यावर फडकं टाकलं. दुसऱ्यांचे जबडे सगळे उघडे आणि मावशीचा तेवढा झाकलेला. खोलीत शिरताना तो त्या कोपऱ्याकडे बघायचाच नाही, आणि न बघण्यातच त्याचा दिवस जायचा. घरी आल्यावर अंगात त्राण नसायचं. बायकोला वाटायचं, काम फार पडतंय बिचाऱ्याला. काम कुठलं, न केलेल्या कामानंच तो थकून जायचा.

उन्हाळा सरला, पाऊस होऊन गेला, लोक कपाटातून स्वेटर काढायला लागले. एके दिवशी बायको बाजारातून आली आणि पिशवी ओट्यावर ठेवता ठेवता म्हणाली, "तुमची मावशी भेटली. किती वाळलीय! रुमाल काही तोंडावरून काढला नाही. निघताना मला म्हणते, त्याला सांगू नकोस हं मी भेटले म्हणून, त्याला वाटेल मी तगादा लावला."

करतोच कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. त्या रात्री तो ताटावरून तसाच उठला.

सकाळी तो दवाखान्याची झाडलोट व्हायच्या आधीच लॅबमध्ये पोचला. फडकं काढलं, साचा पुढ्यात ओढला आणि भूत संचारल्यागत कामाला लागला. मेण लावलं, दात रोवले. आता खरं म्हणजे थांबायला हवं होतं. साचा शिळा झाला होता, हिरड्या केव्हाच बदलल्या असणार, नवं माप हवं होतं. तेही नाही तर निदान ट्रायल तरी. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर यानंच त्याची खरडपट्टी काढली असती. पण माप घ्यायचं म्हणजे मावशीला बोलवायचं, ती त्या खुर्चीत बसणार, तोंड उघडणार, आणि तिच्या डोळ्यांकडे बघत सांगायचं की अगं, इतके दिवस मी काहीच केलं नव्हतं. तेवढं धाडस कुठून आणायचं? मनाशी म्हणाला, बसेल. माझा हात काय आजचा आहे! आणि ट्रायलशिवाय त्यानं कवळी पक्की करून टाकली. पॉलिश तेवढं असं मारलं की आरशानं लाजावं.

संध्याकाळी तो मावशीकडे गेला. तिनं कवळी घातली, आत जाऊन आरशात पाहून आली आणि म्हणाली, "अगदी छान बसली रे!" काकांनी टाळ्या वाजवल्या. "आता होऊ दे वाचन सुरू!" करतोच घरी आला तो शीळ घालत. वाटेत नळाचा वायसरसुद्धा घेतला. बसवला नाही, पण घेतला.

पुन्हा रविवारच्या फेऱ्या सुरू झाल्या. बेल वाजवली की आतून "आले, आले" असा आवाज यायचा, मग पाण्याचा आवाज, पेला ठेवल्याचा आवाज, आणि मग दार उघडायचं. मावशी तोंडभर दातांनी हसायची. पुस्तक मात्र खूण घालून तिथेच पडलेलं. "वाचन झालं का सुरू?" असं विचारलं की म्हणायची, "घसा बसलाय रे जरा." नाहीतर म्हणायची, "चष्मा बदलायचाय." त्याला यात काही वावगं वाटलं नाही. वाटून घ्यायचंच नव्हतं त्याला.

एका दुपारी दवाखान्यातून कुठल्याशा कामाला निघालेला तो वाटेत मावशीकडे डोकावला. रविवार नव्हता, त्यामुळे तो येईल अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. भिंत चाचपत काकांनी दार उघडलं.

"कोण?"

"मी, काका."

"अरे, तू होय! आज कसा काय?" काकांनी आत वळून हाक मारली, "अगंऽ, हा आलाय! दात घाल लवकर!"

करतोचला वाटलं, काका थट्टा करताहेत. काका आवाज खाली आणून म्हणाले, "गच्चीत कपडे वाळत घालतेय ती. तू येतोस तेवढ्यापुरती घालते बिचारी. दुखतं तिला फार. परवा रक्त आलं. मी बोललो म्हणून सांगू नकोस हं, मला शपथ घातलीय तिनं."

तो आत गेला. स्वयंपाकघराच्या खिडकीत पेला होता. पाण्यात त्याची चकचकीत कवळी, आणि शेजारी बशीत कापसाच्या छोट्या-छोट्या गोळ्या. कवळी हलू नये म्हणून मावशी तिच्याखाली कापूस भरत होती. कापूस! कवळी खाली सरकू नये म्हणून कापूस, टोचू नये म्हणून कापूस. आणि हा गाढव दर रविवारी समोर बसून चहा पीत होता.

तेवढ्यात मागे पावलं वाजली. मावशी रिकामी बादली घेऊन दारात उभी. गालफडं आत गेलेली, ओठ तोंडात मुडपलेले. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग पेल्याकडे पाहिलं आणि चटकन तोंडावर हात नेला.

"आत्ताच काढली रे," ती हाताआडून म्हणाली. "धुवायला."

चोरी याची, आणि लाजत होती ती. त्याची अब्रू झाकायला ती धडधडीत खोटं बोलत होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते उगाच नाही. त्यानं तोंड उघडलं, आणि काय सांगावं, तोच मेला शब्द जिभेवर आला. करतोच! त्यानं तो गिळला. आयुष्यात पहिल्यांदा गिळला.

"मावशी, मी जुन्या मापावर केली," तो म्हणाला. "ट्रायलसुद्धा घेतली नाही. तुझ्यासमोर यायची लाज वाटत होती, म्हणून. तुझी कवळी मी महिनोन्‌महिने नुसती झाकून ठेवली होती."

मावशीनं बादली खाली ठेवली.

"मला वाटायचं, माझंच काही चुकलं," ती म्हणाली. शब्द नीट येत नव्हते, पण त्याला एकूण एक कळला. "तू सगळ्या गावाची करतोस. माझी तेवढी होईना. म्हटलं, मी तुला काही लागेल असं बोलले का? रोज आठवून बघायचे."

यापेक्षा तिनं एक मुस्काटात ठेवून दिली असती तर परवडलं असतं. मग त्यानं पेल्यातली कवळी काढली, रुमालात गुंडाळून खिशात टाकली आणि म्हणाला, "चल."

"कुठे?"

"बाईंकडे. आत्ता."

"आत्ता? अरे, कपडे बदलते, उद्या सकाळी जाऊ की..."

"उद्या नको. मावशी, माझ्यावर भरवसा ठेवू नकोस. चल तू."

बाईंनी मावशीचं तोंड तपासलं. हिरडीवरचा लालभडक व्रण बघितला, मग खिशातून निघालेली कवळी बघितली आणि त्याच्याकडे वळल्या. "शिळ्या मापावर? तू? माझ्या लॅबमध्ये?" बाहेर बसलेल्या पेशंटनासुद्धा ऐकू गेलं. बाई म्हणाल्या, आधी व्रण भरू दे, तोवर तोंडात काहीही घालायचं नाही, मग माप. व्रण भरेपर्यंत तो रोज कामावर येताना वाट वाकडी करून मावशीकडे जायचा आणि "आ कर" म्हणायचा. पायरी चढताना रोज परत फिरावंसं वाटायचं. तरी बेल दाबायचाच. बेल दाबली की प्लास्टरात पाणी पडल्यासारखं व्हायचं, मग मागे फिरता येत नसे.

माप घेतलं त्या दिवशी त्यानं मावशीला घरी जाऊ दिलं नाही. लॅबमध्ये स्टूल ठेवलं आणि तिला त्यावर बसवलं. "तू इथे बस. तू असलीस की माझ्याच्यानं टाळवणार नाही." आधी त्यानं फळीवरचा जुना साचा उचलला आणि तिच्यादेखत हातोडीनं फोडला. मग वाडग्यात पावडर घेतली, पाणी ओतलं आणि हात आपोआप चालायला लागले. मावशी टकमका बघत होती. "एवढंच होतं होय रे?" तिनं विचारलं. साधाच प्रश्न, पण तो त्याच्या वर्मी लागला.

"एवढंच होतं," तो म्हणाला.

कवळी होईपर्यंत ती रोज येऊन त्या स्टुलावर बसली. जबड्यांना नावं ठेवायची. "हा बघ, हा कुणी चिकट माणूस असणार." ट्रायलच्या दिवशी त्यानं मेणाची कवळी तिच्या तोंडात बसवली आणि म्हणाला, "संशयित म्हण." मावशी म्हणाली, "संशयित." शब्द खणखणीत निघाला, तरी यानं ती काढून दोन दात किंचित मागे घेतले, पुन्हा बसवली, पुन्हा म्हणायला लावलं. मावशी कंटाळली, हा कंटाळला नाही. पक्की कवळी बसली तेव्हा तिनं तोंड हलवून पाहिलं, आरसा मागितलाच नाही. ताड्‌कन एक शेंगदाणा फोडला आणि इतक्या मोठ्यानं हसली की पलीकडून बाई बघायला आल्या.

त्या रविवारी काका खुर्चीत ताठ बसले होते. मावशीनं पुस्तक काढलं, धूळ झटकली, खूण घातलेलं पान उघडलं आणि घसा साफ केला. करतोच भिंतीला टेकून खाली बसला. इन्स्पेक्टर बंगल्याच्या मागच्या दारानं आत शिरला. एकेक अक्षर मोत्यासारखं. पान उलटलं, दुसरं उलटलं. काका कपाळाला आठ्या घालून ऐकत होते.

"अगं," ते मधेच म्हणाले, "हा बंगला कुणाचा?"

मावशी थांबली. "म्हणजे? मालकाचा. ज्याचा खून झालाय त्याचा."

"खून झालाय होय?"

"तुम्हीच नाही का म्हणालात," करतोच घाईघाईनं म्हणाला, "माळ्यानं गेम केला म्हणून? लिहून घे म्हणाला होतात!"

"माळी?" काकांनी त्याच्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. ओशाळल्यासारखे हसले. "कुठला माळी रे?"

मावशीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि न बघण्यातली तिची माया त्याच्या काळजात रुतली. पुस्तक मिटलं होतं तेव्हा काकांना त्या बंगल्यातल्या प्रत्येक खोलीचं दार कुठे उघडतं तेही ठाऊक होतं. तेव्हाच कवळी झाली असती तर त्यांनी माळ्यावरून मावशीशी शेवटच्या पानापर्यंत भांडण केलं असतं. कवळी आता कितीही चांगली बसली तरी ते भांडण काही परत येणार नव्हतं.

"बराच वेळ गेला ना मधे," काका समजुतीनं म्हणाले. "सगळं पुसलं गेलं बघ. तू असं कर, पहिल्यापासून वाच."

मावशीनं खूण काढली आणि पुस्तक पहिल्या पानावर नेलं. काकांच्या अंगावरची शाल नीट केली आणि स्वच्छ, सावकाश आवाजात पहिलं वाक्य वाचायला लागली. करतोचच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिचा आवाज पुढच्या पानावर गेला तरी तो मान खाली घालून तिथेच बसून राहिला, आणि काकांनी जिथे जिथे "हा कोण?" असं विचारलं, तिथे तिथे त्यानं सांगितलं.